रविवारची माती

भट्टीकाकांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. रसायनशास्त्र विभागात शिपायापासून प्रमुख सरांपर्यंत सगळ्यांचे ते भट्टीकाकाच. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली विजेची भट्टी, बाहेरून फ्रीजएवढी अवजड आणि आतून जेमतेम पावाच्या डब्याएवढी, एकतीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. ती किती वाजता लावली म्हणजे किती वाजता पाचशेवर पोचते, कुठल्या कोपऱ्यात आच जास्त लागते, दाराची बिजागरी कुठल्या दिवसात कुरकुरते, हे त्यांना स्वतःच्या गुडघ्यांइतकं ठाऊक होतं. निवृत्तीला सात आठवडे राहिले होते.

घरी ते आणि भिंतीवरचं घड्याळ. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दोन खोल्यांचं घर, पण संध्याकाळी कुलूप उघडलं की ते उगाचच मोठं वाटायचं. सुरुवातीला काका सवयीने दोघांचा चहा टाकायचे आणि उरलेला कप संध्याकाळी गरम करून प्यायचे. मग भांडं बदललं, छोटं आणलं. पलंगावरची दुहेरी चादर एकट्याने पिळायला जड जायची, म्हणून एके दिवशी त्यांनी ती मधोमध टर्रकन फाडली. अर्धी पलंगावर घातली, अर्धी कपाटात ठेवली. पलंग अर्धाच झाकला जायचा, पण झोपायला तरी अर्धाच लागत होता.

आठवड्याचे दिवस निभायचे. रविवार मात्र अंगावर यायचा. सकाळी कपडे धुऊन झाले, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालं, नखं कापून झाली की घड्याळात दहा वाजलेले असायचे. पुढचा सगळा दिवस आ वासून उभा. चार वाजता मुलीचा फोन यायचा, तोवर कुणाशी शब्द बोलायचा नाही. फोनवर ‘हॅलो’ म्हणताना आवाज घशातच अडकायचा आणि ती विचारायची, “बाबा, झोपला होतात का?” काका म्हणायचे, “हो, जरा डोळा लागला होता.” दिवसभर तोंड उघडलेलं नाही हे लेकीला कशाला सांगा.

अशातच तीन वर्षांपूर्वी विभागात ती मुलगी आली. डॉक्टरेट करायला आलेली, हडकुळी, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. येताना रिक्षातून दोन पोती पिवळट माती घेऊन आली.

“मॅडम, एवढी माती कशाला? बाग करायची का?” काकांनी विचारलं.

“काका, या मातीने तेलाचं डिझेल करायचंय.”

“मग पेट्रोलपंपावर बोलू नका हं कुणाशी. त्यांच्या पोटावर पाय यायचा.”

ती खळखळून हसली. त्या प्रयोगशाळेत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी काकांच्या बोलण्यावर हसलं होतं.

तिचं काम तिने त्यांना नीट समजावून सांगितलं. कँटीनमध्ये तळून तळून काळं पडलेलं तेल आणायचं, गाळायचं, वाळवायचं, त्यात मद्यार्काचा एक प्रकार घालून तापवायचं, म्हणजे इंजिनात चालणारं जैवडिझेल वर तरंगतं आणि खाली मधासारखं घट्ट ग्लिसरीन बसतं. पण तेल आणि मद्यार्क आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये कुणीतरी लागतं. ते मधलं काम नेहमी कॉस्टिक सोड्यावर सोपवतात, पण तो निम्म्या तेलाचा साबण करून ठेवतो आणि परत मिळत नाही. तिला ते काम मातीकडून करून घ्यायचं होतं. खाणीतली साधी माती पोटॅशियमच्या क्षाराच्या पाण्यात कालवायची, सुकवायची, भट्टीत भाजायची. काम झालं की गाळून घ्यायची, पुन्हा वापरायची.

“म्हणजे स्थळं जमवणाऱ्या मामीसारखं म्हणा की,” काका म्हणाले. “दोघांना बसवायचं समोरासमोर, आणि जमलं की आपण उठून दुसऱ्या घरी.”

“अगदी! काका, मी हे प्रबंधात घालू का?”

“घाला. पण मामीला विचारून. आणि मॅडम—”

“मला मॅडम नका हो म्हणू. तुमच्या मुलीएवढी आहे मी.”

“बरं, मॅडम.”

यावर तिने कपाळाला हात लावला, आणि हा विषय तीन वर्षांत पुढे सरकला नाही.

माती तयार करायचं काम काकांकडे आलं. तिने कृतीचा तक्ता छापून दिला होता, प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण करायला चौकोन आणि खाली सही. चाळणे. क्षाराचं पाणी घालून दोन तास ढवळणे. लगेच ओव्हनमध्ये सुकवणे. पाचशे अंशांवर चार तास भाजणे. भट्टी साऱ्या विभागाची असल्यामुळे मुलीच्या वाट्याला मंगळवार आला होता. शुक्रवारी दुपारी ती माती मोजून द्यायची आणि आईवडिलांकडे जायला गाडी पकडायची. मंगळवारी संध्याकाळी तिला भाजलेली भुकटी बाटलीत भरून मिळायची. मधल्या दिवसांत माती ओव्हनमध्ये सुकत असणार, हे इतकं उघड होतं की कुणी विचारायलाही गेलं नाही.

पहिल्या शुक्रवारी काकांनी सगळं तक्त्याबरहुकूम केलं. हातमोजे घालून दोन तास ढवळलं. पांढऱ्या चिनीमातीच्या मोठ्या भांड्यात माती लोण्यासारखी गुळगुळीत झाली होती. ओव्हनच्या बटणाकडे हात गेला आणि थांबला. त्यांचे वडील कौलांच्या कारखान्यात होते. तिथे मळलेली माती ओल्या पोत्यांखाली तीन-तीन दिवस झाकून ठेवत. लहानपणी काकांनी विचारलं होतं, कशाला? वडील म्हणाले होते, “दमलीय ती. बसू दे की जरा.”

पण खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी हात थांबला नव्हता. भांडं ओल्या कापडाने झाकलं, तर ते कापड रविवारी वाळणार. वाळलं की कुणीतरी येऊन ओलं करायला हवं. म्हणजे रविवारी यायलाच हवं.

त्या रात्रीपुरतं एक ओलं फडकं टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटातली अर्धी चादर आणली, पिळून भांड्याच्या तोंडावर ताणून बांधली. रविवारी दहा वाजता घराला कुलूप लावताना त्यांचं पाऊल किती हलकं पडलं! फाटकावरच्या वहीत कामाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘माती’. पहारेकरी म्हणाला, “रविवारी पण? बायको हाकलते वाटतं घरातून!” तो नवा होता, त्याला ठाऊक नव्हतं. काका हसले. वर जाऊन कापड ओलं केलं, ते पाच मिनिटांचं काम. मग खिडकीपाशी स्टुलावर बसून डबा खाल्ला, नळ पुसले, बाटल्यांच्या चिठ्ठ्या सरळ केल्या. चारला लेकीचा फोन आला तेव्हा ते ऐटीत म्हणाले, “आत्ता नको गं, कामात आहे. माती बघायची आहे.”

सोमवारी त्यांनी माती सुकवली, मंगळवारी भाजली. तक्त्यावर ‘लगेच सुकवणे’पुढच्या चौकोनात नेहमीसारखी खूण केली. झाकून ठेवल्याचा चौकोनच नव्हता, तर भरणार कुठे?

त्या मातीने कमाल केली. शहाण्णव टक्के तेल पालटलं. काचेच्या नरसाळ्यात वर सोनेरी, आरपार दिसणारं इंधन आणि खाली घट्ट ग्लिसरीन, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. मुलीने काकांचा हात धरून त्यांना तिथल्या तिथे एक गिरकी घ्यायला लावली. पुढे तीन वर्षांत जेव्हा जेव्हा माती लागली तेव्हा तेव्हा शुक्रवारी ती ओली झाली आणि रविवारी काका आले. तिचा लेख छापून आला. प्रबंध बांधायला जाणार, एवढ्यात पत्र आलं.

दुसऱ्या एका संस्थेने लेखात दिल्याप्रमाणे माती करून पाहिली होती. एकदा नाही, चारदा. बासष्टच्या वर आकडा जात नव्हता. पत्राची भाषा फार सभ्य होती, आणि तेच वाईट होतं. एका महिन्यात खुलासा मागितला होता.

“त्यांची माती वेगळी असेल,” प्रमुख सर म्हणाले.

“सर, माती मीच पाठवली होती. आपल्याच पोत्यातली.”

मुलीने बुधवारी स्वतः माती करायला घेतली. काका शेजारी उभे होते. तिने दोन तास ढवळलं, भांडं उचललं आणि सरळ ओव्हनमध्ये सरकवलं. दार बंद झाल्याचा आवाज आला. काय झालं असणार ते काकांना त्याच क्षणी कळलं.

ते भट्टी पुसायला वळले.

मुलीच्या नरसाळ्यात गढूळ, फेसाळ काहीतरी तरंगत राहिलं, रेघ उमटलीच नाही. आकडा एकसष्ट. भट्टीचा दुसऱ्याचा वार मागून घेऊन तिने पुन्हा केलं. साठ.

नऊ दिवस काका मूग गिळून बसले. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की सदतीस तक्त्यांवर माझी सही आहे आणि सदतीस वेळा ती खोटी आहे? एकतीस वर्षांत एक साधी बाटली त्यांच्या हातून फुटली नव्हती. आणि त्याहून अवघड होतं ते पुढचं. सर विचारणार, का? मातीसाठी, म्हणून भागणार नव्हतं. रविवारी घर खायला उठतं, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग त्यांना पळवाट सुचली. शुक्रवारी म्हणाले, “मॅडम, मी करून बघू का एकदा? माझ्या हाताला सवय आहे.” मंगळवारी त्यांची माती बाटलीत आली. पंच्याण्णव.

प्रमुख सरांचा जीव भांड्यात पडला. “झालं तर मग! हीच बाटली पाठवून द्या त्यांना. तपासू देत. विषय संपला.”

काकांनाही वाटलं, संपला. पण मुलगी बाटलीकडे बघत नुसतीच बसून राहिली. सर गेल्यावर म्हणाली, “काका, तुम्ही केली की होते, मी केली की होत नाही. त्यांनी केली की होत नाही. सात आठवड्यांनी तुम्ही जाणार. मग?”

“मग काय, तुम्ही शिकाल की.”

“काय शिकू? तक्त्यात आहे तेच तर करते मी.” तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दुसऱ्या कुणाला जमतच नसेल तर ते संशोधन नाही, काका, ती जादू झाली. आणि मला जादूची पदवी नकोय. उद्या सरांना सांगते. लेख मागे घेते.”

“आणि तीन वर्षं?”

“जातील. माझंच कुठेतरी चुकलंय. काय, ते सापडत नाही एवढंच.”

ती रडत नव्हती. रडली असती तर काकांनी पाणी आणून दिलं असतं, पाठीवर हात ठेवला असता, वेळ निभली असती. ती शांतपणे नळाखाली नरसाळं धूत राहिली, पुन्हा पुन्हा, स्वच्छ झालेलं.

काका उठले. बेसिनखालचं कपाट उघडून त्यांनी चादरीचा तुकडा बाहेर काढला. कडांना मातीचा पिवळा पट्टा बसलेला, चार कोपऱ्यांना बांधून बांधून पडलेल्या सुरकुत्या.

“तुमचं नाही चुकलं,” ते म्हणाले. “हे बघा.”

आणि त्यांनी सांगितलं. आधी घाईघाईने कौलांचा कारखाना, ओली पोती, वडील. मुलगी टक लावून ऐकत होती.

“किती वेळ झाकता?”

“शुक्रवारी पाचपासून सोमवारी नऊपर्यंत.”

“चौसष्ट तास! काका, चौसष्ट तास!” तिने पेन उचललं, टाकलं, पुन्हा उचललं. “मातीला पापुद्रे असतात हो, पत्त्यांच्या गड्डीसारखे. ओल राहिली म्हणून क्षार हळूहळू आतपर्यंत शिरतो. मी लगेच सुकवते, तर तो वरच्यावर राहतो, तेलात सुटून येतो आणि साबण करतो. असंच असणार! पण तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

“आणि गेले पंधरा दिवस? मी डोकं फोडून घेत होते तेव्हा?” तिचा आवाज चढला. “तेव्हाही मी विचारायला हवं होतं?”

काकांनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मुरण्यासाठी नव्हती झाकली मी माती,” ते म्हणाले. “मुरते हे मलाही कुठे माहीत होतं? रविवारी यायला मिळावं म्हणून. घरी... रविवारी घरी कुणी नसतं.”

मुलीच्या तोंडावर राग होता तो तसाच राहिला, पण पुढे काय करावं हे त्याला सुचेना, असं काहीसं झालं. नळ ठिबकत होता. मग तिने जाऊन तो घट्ट बंद केला.

“उद्या सरांकडे माझ्याबरोबर याल?” तिने विचारलं.

“येतो.”

सर भडकले. भडकणारच. “तुमच्या सहीखाली मी डोळे मिटून सही करत आलो! लेखी द्या मला. असं का केलं ते लेखी द्या.” काकांनी कागद घेतला. ‘कारण’ या शब्दापुढे पेन टेकवून ते बराच वेळ बसले. मग लिहिलं, ‘वैयक्तिक’. सरांनी ते वाचलं आणि काकांकडे पाहिलं. कागद फाइलला लागला. एकतीस वर्षांतला तो पहिला.

त्या संस्थेला सुधारलेली कृती गेली. मधल्या दिवसांत मुलगी झपाटून कामाला लागली होती. बारा तास झाकून, चोवीस तास झाकून, अठ्ठेचाळीस तास झाकून. काका भट्टी लावत, ती आकडे मांडत. मॅडम-काका चालूच होतं, पण पहिल्यासारखं हसणं नव्हतं. कधी कधी ती बोलता बोलता थांबून त्यांच्याकडे बघायची. काकांना ते बघणं नको वाटायचं.

महिना संपता संपता उत्तर आलं. चौऱ्याण्णव टक्के. सभ्य भाषेत अभिनंदन.

ती धावतच भट्टीपाशी आली. हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता, कडेला रबरी पट्टी असलेला. “काका, जमलं त्यांना! प्रबंध वाचला! आणि अजून एक. मी याच्यात ठेवून पाहिली माती. झाकण घट्ट लावलं की ओल जातच नाही. कापड नको, पाणी नको. शुक्रवारी बंद करायचा, सोमवारी उघडायचा. रविवारी कुणी यायची गरजच—”

वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या लक्षात आलं. डबा तिच्या हातात तसाच राहिला.

“अहो, हे उत्तमच झालं की,” काका म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. डबा घेऊन झाकण लावून पाहिलं, उघडून पाहिलं. “पक्का बसतो. हेच लिहा कृतीत.”

“काका, माझं तसं म्हणणं नव्हतं...”

“मला कळतं हो. पुढच्या माणसाला सोपं नको का?” मग म्हणाले, “अगं, हेच लिही तू.”

तिने चमकून पाहिलं. काका भट्टीचं दार पुसत होते.

शनिवारी तिने चादरीचा तुकडा धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून त्यांना दिला. मातीचा पिवळा पट्टा काही गेला नव्हता.

रविवारी काकांचे कपडे धुऊन झाले, वर्तमानपत्र वाचून झालं. दहा वाजले. पाय आपोआप चपलांकडे गेले आणि परत आले. त्यांनी बायकोचा शिवणाचा डबा खाली काढला. पलंगावरची अर्धी चादर ओढून घेतली, धुतलेली अर्धी तिच्याशेजारी ठेवली. एक बाजू धुवून धुवून विरलेली, दुसरी अजून जाड, कडेने पिवळी. कडाही आता जुळत नव्हत्या, एक अर्धी वीतभर आखूड झाली होती. तरी ते खिडकीपाशी बसले. सुईत दोरा ओवायला सहा प्रयत्न लागले. टाके वेडेवाकडे पडत होते.

चारला फोन वाजला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. आवाज घशात अडकू नये म्हणून आधीच खाकरून ठेवला होता.

“बाबा, कामात आहात ना? पटकन बोलते.”

“नाही गं. आज काही काम नाही. बोल, निवांत बोल. मला वेळ आहे.”

“अय्या, आज नेमका आहे का? अहो, आमच्याकडे माणसं आलीयेत. चहा टाकलाय. मी नंतर करते हं?”

“कर कर. त्यांच्याकडे बघ आधी,” काका म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चादर पुन्हा मांडीवर घेतली. निम्मी शिवण राहिली होती. उन्हं खिडकीतून सरकली होती, म्हणून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं.